गोव्यात राहणाऱ्यांनी आयकराचं वर्षभराचं नियोजन कसं करावं?

पर्वरीकरीण | १० जून २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. घरचा जमाखर्च मी बघते, म्हणून हा धागा मीच काढते आहे.

आमच्याकडे दर वर्षी एकच चित्र असतं. एप्रिल ते डिसेंबर कुणी 'कर' हा शब्द काढत नाही. जानेवारीत ह्यांच्या ऑफिसातून मेल येतो, 'गुंतवणुकीचे पुरावे द्या'. मग शिगम्याच्या तोंडावर कुणीतरी ओळखीचे एजंट दारात उभे राहतात आणि नको असलेली पॉलिसी गळ्यात पडते. करासाठी पैसे गुंतवायचे आणि मग ती गुंतवणूक वीस वर्षं ओढत न्यायची, हे मला अजिबात पटत नाही. माझं स्पष्ट मत आहे की कराचा विचार एप्रिलमध्ये सुरू व्हावा आणि दर तीन महिन्यांनी अर्धा तास बसून हिशेब पुढे न्यावा.

आमची स्थिती अशी: ह्यांचा वर्षाचा पगार ११.५० लाख (वेर्णा वसाहतीत नोकरी). म्हापशाचा फ्लॅट ह्यांच्या नावावर आहे, भाडं महिना २०,०००. ठेवीही ह्यांच्याच नावावर, व्याज वर्षाला साधारण ७२,०००. मला स्वतःची कमाई नाही. नवीन करप्रणाली घेतली आहे.

१५ जून तोंडावर आला. ॲडव्हान्स टॅक्स (वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरायचा आगाऊ कर) भरावा लागेल का? आणि तुम्ही वर्षभराचं वेळापत्रक कसं आखता?

सांज_आगोंद | १० जून, रात्री १०:०५

धागा वाचनखुणेत. आमच्यासारख्या हंगामी धंदेवाल्यांचंही कुणीतरी सांगा.

सदाशिवपेठी | १० जून, रात्री १०:३२

ताई, हिशेब सरळ आहे. पगारातून ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन (पगारदारांची ठरावीक वजावट) गेलं की १०.७५ लाख. भाडं २.४० लाख, त्यातून ३० टक्के सरसकट वजावट (ही नव्या प्रणालीतही मिळते), राहिले १.६८ लाख. व्याज ७२,०००. एकूण १३.१५ लाख. बारा लाखांच्या वर गेलात म्हणजे ८७एची सूट (बारा लाखांपर्यंत कर शून्य करणारी) गेली. कर ७७,२५० अधिक ४ टक्के सेस (उपकर), म्हणजे ८०,३४०. बँक व्याजावर १० टक्के टीडीएस (पैसे देणाऱ्यानेच आधी कापायचा कर) कापेल, ७,२००. उरले ७३,१४०. ऑफिस फक्त पगार बघणार आणि त्यावर शून्य कापणार, त्यामुळे हे सगळं तुम्हालाच भरायचंय.

टीडीएस वजा जाता १०,००० किंवा त्याहून जास्त कर उरत असेल तर आगाऊ कर लागतो. १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत १००. म्हणजे आत्ता साधारण ११,००० भरा. यंदा १५ जून रविवारी आहे, पण ऑनलाइन भरायला वार आडवा येत नाही.

मडगावकर_आजोबा | ११ जून, सकाळी ६:५०

पुण्याच्या मित्राचा हिशेब पुण्यासाठी बिनचूक आहे. पण पर्वरीच्या लेकीला तो जसाच्या तसा लागू करू नका. तिला कुणीतरी कलम ५ए सांगा. मी फिरून येतो, मग लिहितो.

हिशेबनीस | ११ जून, सकाळी ९:१५

आजोबांनी मुद्द्याला हात घातला. (मी सीएच्या ऑफिसात रोज हेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.)

गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्याखाली लग्न झालेल्या आणि वेगळ्या मालमत्तेचा करार न केलेल्या जोडप्याची मालमत्ता सामाईक असते. त्यामुळे आयकर कायद्यातलं कलम ५ए सांगतं की पगार ज्याचा त्याच्याकडे. बाकी सगळं उत्पन्न, म्हणजे भाडं, व्याज, धंद्याचा नफा, भांडवली नफा, हे नवरा-बायकोत निम्मं-निम्मं वाटायचं आणि दोघांनी आपापल्या रिटर्नमध्ये दाखवायचं. फ्लॅट कुणाच्या नावावर आहे, ठेवीच्या पावतीवर कुणाचं नाव आहे, ह्याने फरक पडत नाही.

आता ताईंचा हिशेब पुन्हा मांडू. ३० टक्के वजावटीनंतरचं भाडं आणि व्याज मिळून २.४० लाख. निम्मे १.२० लाख ह्यांच्याकडे, १.२० लाख ताईंकडे. ह्यांचं एकूण उत्पन्न १०.७५ अधिक १.२०, म्हणजे ११.९५ लाख. बारा लाखांच्या आत! कर शून्य. ताईंचे १.२० लाख चार लाखांच्या मूळ करमुक्त मर्यादेच्या खाली, तिथेही शून्य. ८०,३४० कुठे आणि शून्य कुठे.

म्हणजे ॲडव्हान्स टॅक्सही नाही. उलट बँकेने कापलेले ७,२०० दोघांना ३,६०० असे परत मिळतील. त्यासाठी ताईंचं पॅन हवं आणि उत्पन्न कमी असलं तरी त्यांनी रिटर्न भरायला हवं.

पर्वरीकरीण | ११ जून, सकाळी ९:४८

बापरे! आमचं लग्न पणजीत नोंदलेलं आहे, दोघंही इथलेच, करार वगैरे काही केलेला नाही. आजवर ह्यांचं रिटर्न आयटीआर-१ ह्या साध्या फॉर्ममध्येच भरलं जायचं.

हिशेबनीस | ११ जून, सकाळी १०:१०

५ए लागू असलेल्या माणसाला आयटीआर-१ वापरता येत नाही. पगार आणि भाडं असेल तर आयटीआर-२. त्यात 'शेड्यूल ५ए' आहे. जोडीदाराचं नाव आणि पॅन टाकायचं, कुठल्या शीर्षाखालचं किती उत्पन्न वाटलं ते लिहायचं. टीडीएसच्या तक्त्यातही 'जोडीदाराच्या हातात' असा रकाना आहे. यंदा रिटर्नची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर केली आहे, तेव्हा घाई नाही. दोघांची रिटर्नं एकाच बैठकीत भरा, आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत.

सदाशिवपेठी | ११ जून, सकाळी ११:०२

हे मला नवीन आहे. आमच्याकडे नवऱ्याने बायकोच्या नावावर ठेव ठेवली तरी व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात जोडतात. गोव्याला एवढी सवलत का?

मडगावकर_आजोबा | ११ जून, दुपारी १२:२०

सवलत म्हणू नका मित्रा, हा हक्क आहे. १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेने लग्नानंतर बायकोला अर्ध्या मालमत्तेची धनीण केलं. १९६१ साली गोवा मुक्त झाला, पण कौटुंबिक कायदा तोच राहिला. भारताचा आयकर १ एप्रिल १९६३पासून इथे लागू झाला आणि लगेच प्रश्न उभा राहिला की हे उत्पन्न नवऱ्याचं, की दोघांचं मिळून एक, की प्रत्येकाचं अर्धं? ह्यावर कोर्टकचेऱ्या बऱ्याच झाल्या. शेवटी १९९४च्या वित्त कायद्याने कलम ५ए आणलं आणि ते थेट १९६३पासून लागू केलं.

माझ्या आईच्या पिढीतल्या बायकांना घराच्या अर्ध्या मालकीचा अर्थ फक्त सही करण्यापुरता ठाऊक होता. रिटर्नवर तिचं नाव आणि तिचा अर्धा हिस्सा दिसणं मला फार मोलाचं वाटतं. पैसे वाचतात ते आहेच, पण ही गोष्ट त्याहून मोठी आहे.

तिलारीपार | ११ जून, दुपारी १:४५

आजोबा, सुंदर लिहिलंत.

एक शंका. मी दोडामार्गची, नवरा डिचोलीचा. लग्न आमच्या गावी झालं, नोंदणीही महाराष्ट्रात. आम्हाला ५ए लागू?

हिशेबनीस | ११ जून, दुपारी २:३०

ताई, ह्याचं उत्तर धाग्यावर देऊ नये असं मला वाटतं. दोघांचं मूळ, लग्न कुठे आणि कुठल्या कायद्याखाली झालं, करार आहे का, हे सगळं बघावं लागतं. नोंदणीचा दाखला घेऊन आधी वकिलाकडे जा, मग सीएकडे. नुसतं गोव्यात राहायला आलं म्हणून ५ए लागू होत नाही. पर्वरीत फ्लॅट घेऊन राहणाऱ्या बाहेरच्या मंडळींनी हा धागा वाचून लगेच निम्मं-निम्मं करू नये.

कलमी_मानकुराद | ११ जून, दुपारी ३:१२

मी जरा दुसरी बाजू मांडते. मला ५एचा तोटाच होतो. माझा पगार मोठा, ३० टक्क्यांच्या टप्प्यात. नवऱ्याचा छोटा धंदा. त्याचा निम्मा नफा माझ्याकडे येतो आणि त्यावर मी ३० टक्के भरते. तो पूर्ण त्याच्याकडे राहिला असता तर काहीच कर लागला नसता. नको असेल तर हे सोडता येतं का?

हिशेबनीस | ११ जून, दुपारी ३:४०

नाही. फायदा असेल तेव्हा घ्यायचं आणि तोटा असेल तेव्हा सोडायचं, असं चालत नाही. तुमच्यासाठी नियोजन वेगळं. त्यांच्या धंद्याचा अंदाज जूनमध्येच घ्या आणि तुमच्या वाट्याचं उत्पन्न तुमच्या ऑफिसला लेखी कळवा. ते पगारातूनच जास्त टीडीएस कापतील. मग तारखा सांभाळायला नकोत आणि व्याजही लागत नाही.

कुळागरवाला | ११ जून, सायं. ५:०५

आमच्या सुपारी-नारळाच्या उत्पन्नावर कर नाही ना? मिरीही थोडी होते. फोंड्यात बायकोचं दुकान आहे.

हिशेबनीस | ११ जून, सायं. ५:२५

कुळागराचं उत्पन्न शेतीचं, करमुक्त. पण रिटर्नमध्ये दाखवा. शेतीचं उत्पन्न ५,०००च्या वर आणि बाकीचं मूळ मर्यादेच्या वर असेल, तर दर ठरवताना शेतीची रक्कम मोजली जाते. बागायतीच्या विक्रीच्या पावत्या वर्षभर एका फायलीत ठेवा, मार्चमध्ये शोधू नका. दुकानाचा नफा मात्र तुम्हा दोघांत निम्मा-निम्मा.

सांज_आगोंद | ११ जून, रात्री ८:५०

आता आमचं गाऱ्हाणं ऐका. शॅक (किनाऱ्यावरचं हंगामी हॉटेल) मे महिन्याच्या अखेरीस उतरवला. ऑक्टोबरपर्यंत गल्ल्यात एक रुपया येणार नाही. आणि सरकारच्या पहिल्या दोन तारखा कुठल्या, तर १५ जून आणि १५ सप्टेंबर! भर पावसात ४५ टक्के कर कुठून आणायचा? आमच्या शेजारच्या ट्रॉलरवाल्याचंही तेच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होडी काठावर, खलाशी गावी.

हिशेबनीस | ११ जून, रात्री ९:३०

ह्यावर खरंच चांगला उपाय आहे. उलाढाल २ कोटींच्या आत असेल (रोखीतली जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटी) तर कलम ४४एडी घेता येतं. रोखीच्या जमेवर ८ टक्के आणि बँकेतून, यूपीआयने आलेल्या जमेवर ६ टक्के नफा धरायचा. प्रत्यक्ष नफा जास्त असेल तर तो जास्त दाखवायचा. आणि ह्या लोकांना चार हप्ते नाहीत, सगळा आगाऊ कर एकदम १५ मार्चपर्यंत. म्हणजे तुमचा ऐन हंगाम चालू असताना.

डिसेंबर-जानेवारीत गल्ला भरलेला असतो, तेव्हाच वेगळ्या खात्यात पैसे काढून ठेवा. मार्चमध्ये शॅकवाल्यांकडे शिल्लक नसते, कारण एप्रिलच्या पगारांची आणि उसनवारीची तजवीज आधीच झालेली असते. हे मी दर वर्षी बघतो आणि मनापासून वाईट वाटतं. कमाई असते, फक्त ती बाजूला काढलेली नसते.

खोल्या ऑनलाइन बुकिंगवर देणाऱ्यांसाठी: ते संकेतस्थळ ०.१ टक्का टीडीएस कापू शकतं आणि तुमची जमा विभागाला कळते. वार्षिक माहितीपत्रक, म्हणजे एआयएस, दर तिमाहीला उघडून बघा.

सांज_आगोंद | ११ जून, रात्री ९:४४

१५ मार्च! देव बरें करूं. आज शांत झोप लागणार.

दर्यावर्दीची_बायको | ११ जून, रात्री १०:२०

आमच्या वास्कोत निम्म्या घरांत कुणीतरी बोटीवर आहे, त्यांच्यासाठी लिहिते. नवऱ्याचा पगार निम्मा वाटायचा नाही, पगार वाटणीत येत नाही. आमचं सगळं नियोजन दिवस मोजण्यावर असतं. वर्षात १८२ दिवसांहून कमी काळ भारतात राहिला तर तो अनिवासी आणि परदेशी जहाजावरचा पगार इथे करपात्र नाही. म्हणून सीडीसीवरचे (खलाशाच्या नोंदपुस्तकावरचे) आणि पासपोर्टवरचे शिक्के मी प्रत्येक साइन-ऑफनंतर, म्हणजे तो बोटीवरून उतरला की, स्कॅन करून ठेवते, आणि वहीत दिवसांची बेरीज. मार्चमध्ये 'चार दिवस लवकर उतरतो, सुट्टी मिळतेय' असा फोन आला की आधी वही उघडायची, मग हो म्हणायचं. 😊

इथल्या घराचं भाडं मात्र आम्ही निम्मं-निम्मं दाखवतो.

मडगावकर_आजोबा | १२ जून, सकाळी ७:०५

ज्येष्ठांसाठी थोडं. साठ पूर्ण झालेल्या आणि धंद्याचं उत्पन्न नसलेल्यांना आगाऊ कर भरावा लागत नाही. रिटर्न भरताना कर भरला तरी चालतं. व्याजावरच्या टीडीएसची आपली मर्यादा ह्या एप्रिलपासून वर्षाला एक लाख झाली आहे, इतरांची पन्नास हजार. एकूण कर शून्य येत असेल तर फॉर्म १५एच (टीडीएस कापू नका असं बँकेला सांगणारा) एप्रिलमध्येच द्या, प्रत्येक बँकेत वेगळा, दर वर्षी नवीन. माझ्या मेहुण्याने एका बँकेच्या शाखेत फॉर्म दिला तरी टीडीएस कापला गेला. पोच घेतली होती म्हणून पुढच्या तिमाहीपासून तरी थांबला. पोच घ्याच.

आणि पेन्शन करासाठी पगारच समजतात. ती वाटणीत येत नाही.

जुनाच_बरा | १२ जून, सकाळी १०:४०

सगळे नव्या प्रणालीतच दिसता. घराच्या कर्जाचं व्याज २ लाख, ८०सीचे (ठरावीक बचतीवरच्या वजावटीचे) दीड लाख, आई-बाबांच्या आरोग्य विम्याचे ५०,०००, असं सगळं असलेल्यांनी जुन्या प्रणालीचा हिशेबही एप्रिलमध्ये करून बघावा. पीपीएफ वर्षाच्या सुरुवातीला, ५ एप्रिलच्या आत भरला तर पूर्ण वर्षाचं व्याज मिळतं. मार्चमध्ये भरणाऱ्याला करातली वजावट तेवढीच मिळते, पण व्याज बुडतं.

आणि लक्षात ठेवा, जुनी प्रणाली हवी असेल तर रिटर्न मुदतीतच भरावं लागतं. उशीर झाला की नवीच.

सदाशिवपेठी | १२ जून, सकाळी ११:१५

अनुमोदन. चलान भरताना वर्ष नीट निवडा हेही सांगतो. आत्ताच्या आगाऊ करासाठी निर्धारण वर्ष (कमाईच्या वर्षाच्या पुढचं) २०२६-२७ आणि प्रकार १००, ॲडव्हान्स टॅक्स. लोक २०२५-२६ निवडतात आणि मग दुरुस्तीच्या मागे लागतात.

पर्वरीकरीण | ६ सप्टेंबर २०२५, रात्री ८:३०

धागा वर काढते. चवथ झाली आणि कालच दोघांची रिटर्नं भरली, शेड्यूल ५ए सकट. सगळ्यांचे मनापासून आभार.

दोन प्रश्न. ह्यांच्या एआयएसमध्ये व्याज पूर्ण दिसतं आणि रिटर्नमध्ये निम्मं गेलंय. विभागाकडून विचारणा आली तर? आणि ह्यांच्या ऑफिसात दिवाळीला ३०,००० बोनस मिळणार असं नक्की झालंय. ११.९५ लाखांवर त्याने काय होईल?

हिशेबनीस | ६ सप्टेंबर, रात्री ९:५०

पहिलं सोपं. विचारणा आली तर पोर्टलवर उत्तर द्या की उरलेला निम्मा भाग ५एखाली पत्नीच्या रिटर्नमध्ये दाखवला आहे, तिचं पॅन आणि पोचक्रमांक अमुक. लग्नाचा दाखला स्कॅन करून हाताशी ठेवा.

दुसरं जास्त महत्त्वाचं. बोनस धरून उत्पन्न १२.२५ लाख. बारा लाख ओलांडले की सूट जाते. कर ६३,७५० येतो, पण सीमावर्ती सवलतीमुळे तो बारा लाखांवरच्या रकमेपुरताच, म्हणजे २५,०००. अधिक सेस १,०००. तीस हजारांच्या बोनसमधले सव्वीस हजार करात!

पर्वरीकरीण | ६ सप्टेंबर, रात्री १०:०२

मग बोनस घेऊन उपयोग काय? काही करता येतं का?

हिशेबनीस | ६ सप्टेंबर, रात्री १०:२५

येतं, कारण तुम्ही मार्चऐवजी सप्टेंबरमध्ये विचारलंत. नव्या प्रणालीतही कंपनीने एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) भरलेल्या रकमेची वजावट मिळते, कलम ८०सीसीडी(२), मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत. समजा मूळ पगार ४५,००० असेल तर महिना ६,३००. ऑक्टोबर ते मार्च सहा महिने, ३७,८००. उत्पन्न पुन्हा बारा लाखांच्या आत, कर शून्य. फक्त कंपनीने पगाराची रचना तशी करून द्यायला हवी.

जुनाच_बरा | ६ सप्टेंबर, रात्री १०:४०

पण ते पैसे साठ वर्षांपर्यंत अडकतात. करासाठी पैसे अडकवायचे नाहीत, हे ताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय.

पर्वरीकरीण | ७ सप्टेंबर, सकाळी ७:२०

बरोबर आहे तुमचं. पण ह्यांना प्रॉव्हिडंट फंडाशिवाय निवृत्तीची दुसरी सोय नाही, आणि २६,००० कर भरण्यापेक्षा ३७,८०० स्वतःच्या नावावर राहिलेले बरे. सोमवारी ह्यांना एचआरकडे पाठवते. कंपनी नाही म्हणाली तर?

हिशेबनीस | ७ सप्टेंबर, सकाळी ९:०५

तर त्याच दिवशी अकाउंट्सला लेखी द्या की इतर उत्पन्न १.२० लाख आहे आणि त्यावरचा टीडीएस ३,६००. उरलेले २२,४०० ते मार्चपर्यंतच्या पगारांतून थोडे थोडे कापतील, आणि जूनचा हप्ता का भरला नाही म्हणून व्याज लागणार नाही. म्हापशाच्या फ्लॅटची घरपट्टी भरल्याची पावतीही काढून ठेवा. ती ३० टक्क्यांच्या आधी भाड्यातून वजा होते, जूनच्या हिशेबात आपण ती धरली नव्हती.